कुलूपबंद घरातली गोधडी

पनवेल,
१० ऑगस्ट २०२५

ती. डेबोराताई हिचे चरणी,
शालोम, आणि त्याखालोखाल शि. सा. न. वि. वि.

पत्र कागदावर लिहायचे, मग त्याचे छायाचित्र काढून तुझ्या फोनवर धाडायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे तू विचारशील. गेल्या खेपेस आपण फोनवर बोललो तेव्हा तू रडलीस आणि मी विनोद केले. परिणामी आत्याच्या घराचा विषय जिथल्या तिथे राहिला. लिहिताना माणसाला निदान आपलेच शब्द समोर दिसतात, आणि इस्रायलातून आलेले अश्रू शाईत विरघळत नाहीत.

प्रकृतिवृत्त: उजवा गुडघा असहकार पुकारून आहे. शाळेत अजून संस्कृत शिकवतो. नवे मुख्याध्यापक मला पाहून दरवर्षी नव्याने चकित होतात, की यहुदी माणसाला विभक्ती कशा येतात. मीही दरवर्षी नव्याने नम्र होतो.

आता घर. परेश नामक गृहस्थ बिल्डरच्या वतीने दर आठवड्यास पेढे घेऊन अवतीर्ण होतात. विमानतळ सुरू होण्याच्या वार्तेने पनवेलातील दगडधोंड्यांनाही आत्मप्रतिष्ठा प्राप्त झाली आहे, मग जेरुशा आत्याचे तीन खोल्यांचे कौलारू घर अपवाद कसे असेल? परेशरावांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला आहे: कै. जेरुशा वाजेकर यांना भावाची दोन अपत्ये, डेबोरा व निसीम, यांखेरीज वारस नाही. तुझी संमती आहे असे ते म्हणतात. माझी सही बाकी आहे. आत्या जानेवारीत गेली तेव्हा आपला थोरला बंधू येहुदा उरणला अंथरुणावर का होईना, जिवंत होता. तो गेला मार्चमध्ये. आपण दोघेही गेलो नाही, हे निराळे. परंतु जानेवारीत आत्याची भाचरे तीन होती, आणि गणितात कच्चा असूनही मला तीन हा आकडा ओळखता येतो.

याहून गूढ गोष्ट पुढेच आहे. आत्या गेली त्या दिवशी मधल्या खोलीत जमिनीवर तिची अर्धवट गोधडी पसरलेली होती. जुन्या कपड्यांचे तुकडे मांडून, कडेपासून आत आत येणारे धावदोऱ्याचे चौकोनी फेरे, आणि मध्यभागी न शिवलेले एक बेट. मला ती उचलवेना. मी दर रविवारी दहाच्या सुमारास घर उघडतो, खिडक्यांना वारा दाखवतो आणि कुलूप लावतो. ताई, ते बेट आक्रसते आहे. कुलूपबंद घरात कोणीतरी गोधडी शिवते आहे.

प्रथम मी पिशाच्चयोनीचा सिद्धान्त मांडला. शेजारच्या गुणाबाईंनी तो तत्काळ खोडला. म्हणाल्या, "मास्तर, भुताला काय दुसरा काम नाय, ता सुई घेऊन बसंल?" त्यांना विचारले, कोणी येताजाताना दिसते का. "आमी नाय बगितला" म्हणाल्या, आणि त्या इतक्या घाईने आत गेल्या, की त्यांनी पाहिले आहे याविषयी माझी खात्री पटली.

तुझ्या तर्कशक्तीची प्रतीक्षा करतो. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवल्यास आक्षेप नाही.

तुझा आज्ञाधारक (कधीकधी) बंधू,
निसीम


अश्दोद,
१४ ऑगस्ट २०२५

चि. निसू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझे अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखे आहे, फोनवर मोठे करून वाचताना डोळे गेले. इथे उकाडा मरणाचा. हल्ल्याचा भोंगा वाजला की जिन्यात जाऊन बसायचे. खालच्या मजल्यावरची म्हातारी विणकाम घेऊनच येते. मला त्या वेळी आत्याच आठवते.

गोधडीचे कोडे म्हणे! परेशने घराच्या चाव्या कोणाला तरी दिल्या असतील, नाहीतर गुणाबाईच जाऊन शिवत असेल. कपड्याला कपडा जोडल्याने घराची मालकी बदलत नाही. कुलूप बदल आणि सही कर.

तीन या आकड्याविषयी. येहुदा जिवंत होता, पण आपल्यासाठी होता का? त्याने उरणच्या कोळ्यांची किशोरी केली, बाबांनी त्याला घर बंद केले, ते एक वेळ सोडू. पण २००३ साली बाबा गेले त्या सकाळी मी स्वतः उरणला त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला होता. त्याला बोलावून घेतले, सांगितले. तो म्हणाला, येणार नाही. थोरला मुलगा असून बापाच्या मातीला आला नाही. तू हे सगळ्यांना इतकी वर्षे सांगत आलास, आणि आता तुला गणित आठवले? त्याची मुलगी आईकडून कोळी, म्हणजे आपल्या धर्माप्रमाणे ती आपली नव्हेच. नसलेल्या माणसांना वाटा देऊ नकोस. मला इथल्या घराला बाँबपासून आसऱ्याची मजबूत खोली जोडून घ्यायची आहे, या वयात जिना उतरवत नाही.

गुडघ्याला तिळाचे तेल चोळ. आपले पूर्वज तेलीच होते, तेवढा तरी उपयोग होऊ दे. आत्याच्या वयापर्यंत जग, आणि ताईचे ऐकत जा.

तुझी,
डेबोरा


पनवेल,
३१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे केवळ शाब्दिक).

चोर सापडला. तपासाचे श्रेय मी विनयपूर्वक स्वतःस देतो.

कुलूप बदलण्यापूर्वी मी निरीक्षण आरंभले. शुक्रवारी मावळतीस गेलो: सुई एका टाक्यात खोचलेली. शनिवारी सिनेगॉगमधून परतताना गेलो: सुई तेथेच. रविवारी दहा वाजता गेलो, तो सुई चांगली वीतभर पुढे! पुढल्या आठवड्यातही तसेच. म्हणजे आपला दरोडेखोर सब्बाथ पाळतो. ताई, पनवेलात सब्बाथ पाळणारी माणसे आता बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत, आणि त्यांतला मी शनिवारी गुपचूप विजेचे बिल भरतो. तेव्हा हा चोर माझ्याहून धर्मनिष्ठ, एवढे निष्पन्न झाले.

आज पहाटेच जाऊन स्वयंपाकघरात दबा धरून बसलो. थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरली. पंचविशीची एक मुलगी आत आली. चपला काढल्या, चौकटीवरच्या मेझुझाच्या पवित्र डबीला बोटे लावून ओठांना लावली, आणि थेट गोधडीपाशी जाऊन बसली. मला पाहून दचकली नाही. म्हणाली, "तुमी निसीम मास्तर ना? चहा ठेवते." ज्या घराचा मी वारस, त्यात तिने मला साखरेचा डबा कुठे आहे ते दाखवले.

ती समृद्धी, आपल्या येहुदाची मुलगी. उरणला कंटेनर यार्डाच्या कचेरीत काम करते. लहानपणापासून दर रविवारी येहुदा तिला आत्याकडे आणून सोडी. आत्याने तिला शिवण शिकवले, सब्बाथ शिकवला, किल्ली दिली. मी आत्याकडे जात असे शनिवारी. त्या म्हातारीने आम्हां काका-पुतणीचे वार वाटून दिले होते, आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. गुणाबाई सर्व जाणून होत्या. आत्याने मरताना मुलीस सांगितले, की अर्धी गोधडी टाकून जाणाऱ्याला झोप लागत नाही, तेवढी पुरी कर. ती पुरी करते आहे. घराविषयी ती एक शब्द बोलली नाही. माझी विचारपूस केली नाही. मात्र तुझी केली: डेबोराआत्या बरी आहे का, तिकडे बाँब पडतात तेव्हा ती कुठे जाते. मला हे चमत्कारिक वाटले.

याहून चमत्कारिक ते मध्यभागी होते, आजवर दारातूनच पाहत आल्याने मला न दिसलेले. न शिवलेल्या बेटावर, सगळ्या तुकड्यांच्या मधोमध, येहुदाचा आकाशी चौकडीचा सदरा आहे, तू पहिल्या पगारात घेतलेला. आत्याने तो कापला नाही, पुढची अख्खी बाजू तशीच लावली आहे. गळ्यापासून छातीवर चीर आहे. डाव्या बाजूस. आणि ती शिवलेली नाही, नुसती टाचलेली आहे.

तुला ठाऊक आहे, तरी शिक्षकी खोडीने उजळणी करतो. मयताला आपण अंगावरचे वस्त्र फाडतो. बायको, भाऊ, बहीण, मूल गेले तर उजवीकडे. आईबाप गेले तरच डावीकडे, काळजावर. आणि आईबापासाठी फाडलेले पुढे कधी नीट शिवायचे नसते, टाचून ठेवायचे, बस्स. आई गेली तेव्हा येहुदा दहा वर्षांचा होता, हा सदरा तेव्हा विणलाही गेला नव्हता. उरले बाबा.

तो येणार नाही म्हणाला होता ना? मग बापासाठी सदरा कोणी फाडला? त्या दिवशी फोनवर तो नेमके काय बोलला, ते आठवून कळव. सही तोवर थांबली आहे. लोभाचे पान मात्र थांबवू नये.

निसीम


अश्दोद,
५ सप्टेंबर २०२५

चि. निसीम यास,
आशीर्वाद.

सब्बाथची तयारी सोडून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. एका मुलीने चहा पाजला आणि तू वितळलास. आत्याने तिला हेच शिकवले असेल. रविवारी गुपचूप येणाऱ्या बाईची आपण चौकशी करायची की तिने आपली?

सदऱ्याला खिळा लागला असेल, दारात अडकला असेल. आणि समज, फाडला असेल, तरी काय? भर उन्हात कबरस्तानाच्या दाराशी उभे राहून छाती उघडी टाकणे सोपे असते. बाबा जिवंत असताना, त्यांना जेवणात मीठसुद्धा चालत नव्हते तेव्हा, कुठे होता तो? सगळे मी काढले. त्यांची पथ्ये, त्यांची औषधे, त्यांच्या शिव्यासुद्धा. बाबांनी मरताना माझा हात धरून सांगितले, त्याने माझ्यामागे कद्दिशची प्रार्थना म्हणायची नाही. तू त्या वेळी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासत होतास.

तू आता त्या मुलीला घर देऊन पुण्य मिळव. माझी खोली राहिली तर राहिली.

जपून राहा.
डेबोरा


पनवेल,
९ सप्टेंबर २०२५

ताई,

नमस्कारादी उपचार या खेपेस वगळतो.

तुझ्या पहिल्या पत्रात येहुदा येणार नाही म्हणाला होता. दुसऱ्या पत्रात तो कबरस्तानाच्या दाराशी भर उन्हात उभा आहे. दोन्ही पत्रे तुझ्याच हस्ताक्षरात आहेत. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली, आणि मग मला मे महिन्यातली ती दुपार पुन्हा पहिल्यापासून आठवावी लागली.

आपल्याकडे त्या दिवशी नऊ पुरुष होते. दहा झाल्याखेरीज कद्दिश म्हणता येत नाही. सुट्ट्यांचे दिवस, कोणी गावी, कोणी कामावर. ठाण्याहून एक गृहस्थ निघाले होते, त्यांच्यासाठी आपण थांबलो. बाबांच्या खालच्या बर्फाचे पाणी होऊन मातीत जात होते. प्रार्थना चालवणारे हझ्झान सारखे घड्याळ पाहत होते. आपल्याकडे बायका मातीला येत नसत, तू हट्टाने आली होतीस. मी तुला म्हटले, दाराशी जाऊन पाहा, ठाण्याचे आले का. तू गेलीस. बऱ्याच वेळाने परत आलीस. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता. तू म्हणालीस, "बाहेर कोणी नाही."

मग आम्ही आणखी थांबलो. दहाव्या माणसासाठी.

काल गुणाबाईंना गाठले. आता लपवण्यासारखे राहिले नाही म्हटल्यावर बोलल्या. बाबा गेले त्या आठवड्यात आत्याच्या मधल्या खोलीत एक माणूस फाटक्या सदऱ्यानिशी जमिनीवर बसून होता. गुणाबाई भाकरी नेऊन देत. "बोलला नाय, रडला नाय, नुसता बसलेला," म्हणाल्या. त्या सात दिवसांत आत्या आपल्याकडे शोकाला फिरकली नाही. तू तिला दगडाच्या काळजाची म्हणालीस आणि मी मान डोलावली. ती दोन गल्ल्या पलीकडे, येहुदासोबत, तुझ्यामाझ्याच बापाचा शोक पाळत होती.

बाबांनी तुझ्याकडून वचन घेतले होते, हे मी समजू शकतो. कद्दिश त्याला म्हणू द्यायची नव्हती, मीही होतो म्हणायला. त्याने नुसते उभे राहायचे होते, दहावा म्हणून.

तो भाऊ बापाच्या मातीला आला नाही, असे मी बावीस वर्षे लग्नांत, बारशांत, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर सांगत आलो. माझ्या विनोदांच्या संग्रहात त्यावर दोन उत्तम विनोद आहेत.

दोन वारसांच्या कागदावर मी सही करणार नाही. तीन नावांचा नवा मसुदा सोबत आहे. तू सही करावीस. न केलीस तर या दोन पत्रांसह न्यायालयात उभा राहीन, आणि तेथे माझे बोलणे असेच सालंकृत असेल.

निसीम


अश्दोद,
२१ सप्टेंबर २०२५

चि. निसीम,

कागदावर सही करून, नोटरीचा शिक्का घेऊन कुरिअरने पाठवला आहे. पोचला की कळव.

उद्या संध्याकाळी नवे वर्ष लागते. डाळिंबे यंदा महाग आहेत आणि आतून पांढरी निघतात. मुलगा दक्षिणेत ड्यूटीवर आहे, येईल असे वाटत नाही. खालची म्हातारी गेल्या आठवड्यात वारली. तिचे विणकाम जिन्यातच राहिले, कोणी उचलले नाही.

तू जे लिहिलेस त्याला मी उत्तर देणार नाही. बाबा तुझ्या मांडीवर गेले नव्हते. मुलीला काय सांगायचे ते सांग. मी आहे तिथे ऐकू येत नाही.

डेबोरा


पनवेल,
३ ऑक्टोबर २०२५

ती. डेबोराताईस,
नमस्कार.

काल दारफळणीचा, वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा, सण झाला. उपास, दिवसभर बंद दार, आणि स्वतःच्या सहवासाची शिक्षा. आज शिळा सण, लोक एकमेकांकडे जातात. माझ्याकडे कोणी आले नाही, म्हणून लिहावयास सवड आहे.

सोमवारी तिन्ही नावांचे प्रतिज्ञापत्र झाले. तुझा कागद वेळेवर पोचला होता. कचेरीत मी समृद्धीसमोर छोटेखानी भाषण केले: न्याय, रक्त, उशिरा का होईना इत्यादी. वाटले, ती म्हणेल मला काही नको, आणि मग मी आग्रह करीन. मोठा सुंदर प्रवेश झाला असता. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "हिस्सा घेनार. नाय म्हनाया मी काय देवी नाय. घर पन विकू देनार नाय, आईला घेऊन रावाला येते. पन तुमाला काका म्हनायचा का, ता अजून ठरवला नाय." तोवर मी मास्तर आहे. तिच्या बापाच्या आजारपणात उरणच्या खाडीपलीकडून जो आला नाही, त्याला याहून मोठी पदवी शोभतही नाही. परेशराव पेढ्यांचा पुडा परत घेऊन गेले. तुझ्या खोलीचे काय करता येईल ते माझ्या शिलकीतून पाहीन, ते तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे.

मग बाहेर टपरीवर चहा घेताना तिने तुझा विषय काढला. मी मनाशी वाक्ये जुळवून ठेवली होती. तू मला मुभाच दिली होतीस, काय सांगायचे ते सांग म्हणून. परंतु मला काही सांगावे लागले नाही. सगळे तिनेच सांगितले.

येहुदा दरवर्षी बाबांच्या तिथीस मेणबत्ती लावून मुलीला ती हकीकत सांगत असे. डेबोराताईने फोन करून बोलावले. निघालो, पण पळस्प्याला एस्टी बंद पडली. धावत आलो तोवर माती होऊन गेली होती, सगळे निघून गेले होते. दाराशी एकटी ताई उभी होती, उन्हात, माझी वाट पाहत. तिने मला जवळ घेतले. फाडायचा विधी करायला दुसरे कोणी उरले नव्हते, म्हणून सदऱ्याला पहिली चीर तिनेच दिली. तिनेच घेतलेला सदरा.

मुलगी हे ऐकत मोठी झाली आहे. आपल्या सगळ्या खानदानात एकच माणूस चांगले, ते अश्दोदला राहते, असे ती समजून आहे. तो सदरा गोधडीच्या मधोमध लावायचा हट्ट तिचा होता. आत्याने आधी नको म्हटले म्हणे, मग बराच वेळ तिच्याकडे पाहून हो म्हटले.

तिने मला विचारले, "असाच झालता ना, मास्तर?"

मी हो म्हणालो. खरे बोलावे असे तीस वर्षे मुलांकडून घोकून घेणारा मी, टपरीवर उभा राहून, एका शब्दात हो म्हणालो. हे तुझ्यासाठी केले, असे समजू नकोस. येहुदाने जे इतकी वर्षे जपून ठेवले, ते मोडण्याचा अधिकार मला नव्हता. तुलाही नाही. तेव्हा क्षमा मागण्याच्या विचारात असशील तर तो सोडून दे. त्या मुलीच्या लेखी तू काही केलेलेच नाहीस, आणि ज्याच्या लेखी केलेस तो आता ऐकत नाही.

गोधडी पुरी झाली. ती घरात ठेवायची नाही, असे समृद्धीने ठरवले आहे. ती डेबोराआत्याची, तिकडे एकटी असते, तिला थंडीत होईल, असे म्हणून तिने ती स्वतः घडी घालून, शिवून, पार्सल केली. आज टपालात पडली. पोचेल तेव्हा सांभाळून उघड. अंगावर घेतलीस की सदरा बरोबर छातीवर येईल. डावीकडची चीर तेवढी नुसती टाचलेली आहे, तिला हात लावू नकोस, सुटेल.

पार्सलवर पत्ता घालताना तिने मला बजावले, आत्याला माझा खूप खूप लोभ कळवा. तो जसा दिला तसा पोचवतो. माझा त्यात मिळवून घेऊ नये, ही विनंती.

निसीम